आप्त कोण?

आमच्या लहानपणीं घरांत ज्ञान मिळण्याचीं ठिकाणें ठरलेलीं होतीं. औषधपाणी, सणवार आणि कोण कोणाचा कोण लागतो हें आजीला विचारावें. हिशेब आणि सरकारी कागदपत्रें वडिलांना. तिथि-नक्षत्रें खुंटीला टांगलेल्या पंचांगाला. आणि राजकारण, क्रिकेट, हवामान व जगाच्या पाठीवरील उरलेले सर्व विषय काकांना. काकांना ठाऊक नाहीं असा विषयच नव्हता. मात्र त्यांच्या ज्ञानाला एक खूण होती. माहीत असलेली गोष्ट सांगतांना ते सुपारी सावकाश कातरीत. माहीत नसलेली सांगूं लागले म्हणजे अडकित्ता भराभर चालूं लागे. ही खूण आम्हां मुलांना कोणी शिकविली नव्हती. पण अडकित्त्याचा वेग वाढला कीं आम्ही एकमेकांकडे पाहत असूं, आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशीं शाळेंत गुरुजींपुढें ठेवीत असूं. काकांवरील आमचें प्रेम त्यामुळें तिळभरहि कमी झालें नाहीं. कोठें त्यांचें ऐकायचें आणि कोठें नुसतें ऐकून घ्यायचें, एवढें आम्हांला कळूं लागलें.

पुढें महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवूं लागल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, अडकित्त्याकडे पाहून आम्ही जें करीत होतों त्याचा विचार आपल्याकडील नैयायिकांनीं फार बारकाईनें करून ठेवलेला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें न्यायदर्शन मानतें. त्यांपैकीं शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारें ज्ञान. पहिल्या तीन प्रमाणांचा आपण कितीहि अभिमान बाळगला, तरी आपल्या डोक्यांतील बहुतेक माल या चौथ्या वाटेनेंच आंत आलेला असतो. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हें मीं कोठें पाहिलें आहे? माझा जन्मदिवसदेखील मीं ऐकूनच खरा मानला आहे. परंतु वाटेल त्याचें सांगणें प्रमाण होत नाहीं. तें आप्ताचें असावें लागतें. आणि आप्त कोण? तर ज्यानें ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानें हें लक्षण ऋषींना आणि म्लेच्छांना सारखेंच लावलें आहे, ही गोष्ट मला नेहमींच मोठी उदार वाटत आली आहे. खाडींतील गाळाविषयीं कोळ्याचा शब्द प्रमाण. तेथें पंडिताचें काम नाहीं. मराठींत या शब्दाला नातेवाइकाचाहि अर्थ आहे, आणि तोहि मला अगदींच अस्थानीं वाटत नाहीं. ज्याच्या शब्दाचें वजन आपल्याला लहानपणापासून करतां आलें, तोच आपला आप्त.

हें पुराण आतां काढण्याचें कारण माझी अकरा वर्षांची भाची. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, डॉक्टर आहे. त्यामुळें शाळा सुटल्यावर मुलगी आमच्या घरीं येते आणि दिवेलागणीपर्यंत राहते. तिच्या पोतडींत प्रश्न नाहींत असा दिवस जात नाहीं, आणि आजवर ती माझें व माझ्या आईचें हक्काचें गिऱ्हाईक होती. गेल्या वर्षापासून हें गिऱ्हाईक तुटूं लागलें. 2022 सालच्या 30 नोव्हेंबरला चॅट-जीपीटी नांवाचें बोलकें यंत्र अमेरिकेंतील एका कंपनीनें सर्वांसाठीं खुलें केलें. तेव्हांपासून त्याचीं भावंडें घरोघर शिरलीं, तशीं तीं आमच्याहि फोनमध्यें शिरलीं आहेत. भाची प्रश्न विचारते आणि क्षणार्धांत असें सफाईदार, मुद्देसूद व विनयशील उत्तर येतें कीं माझ्यासारख्या तीस वर्षें व्याख्यानें दिलेल्या मनुष्यानेंहि तोंडांत बोट घालावें. गिऱ्हाईक गेल्याचें मला वाईट वाटलें नाहीं असें म्हणणार नाहीं. पण मला खटकलें तें निराळेंच. या यंत्राला अडकित्ता नाहीं. ठाऊक असलेली गोष्ट तें ज्या सुरांत सांगतें, त्याच सुरांत ठाऊक नसलेलीहि सांगतें. तें चांचरत नाहीं, खोकत नाहीं, नजर चुकवीत नाहीं. 'उत्तरांत चूक असूं शकते' अशी एक बारीक ओळ तळाशीं असते खरी. परंतु ती सर्वच उत्तरांच्या तळाशीं असल्यामुळें कोणत्या उत्तराला अधिक भ्यावें हें तिच्यावरून कळत नाहीं.

या बाबतींत माझ्या मित्रमंडळींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मुलांच्या हातीं हें खूळ देऊंच नये. दुसरा म्हणतो, जग कोठल्या कोठें गेलें. पोरीला ताबडतोब एखाद्या वर्गाला घाला. पहिल्या पक्षाला थोडा आधार आहे. युनेस्कोनें 2023 सालीं, शाळेच्या वर्गांत अशीं यंत्रें तेरा वर्षांखालील मुलांना वापरूं देऊं नयेत, अशी शिफारस केली आहे. दुसऱ्यालाहि आहे, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें 2019 पासूनच नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय ठेवला. पण दोन्ही पक्षांत एक गुण समान आहे: दोघांनाहि मुलाच्या शेजारीं बसावें लागत नाहीं. आमच्या घरीं मीं तिसरा नियम केला. यंत्र माझ्या फोनवर, माझ्या किंवा आजीच्या देखत, आणि बोलल्यावर त्याच्यावर चर्चा.

पहिली अडचण अशी कीं, हें यंत्र करतें तरी काय, हें अकरा वर्षांच्या मुलीला सांगायचें कसें? अडचण वाटली तेवढी मोठी निघाली नाहीं, कारण आपल्याकडे भेंड्यांचा खेळ आहे. भेंड्या लावणारा गाण्याच्या अर्थाकडे पाहत नाहीं; मागच्या गाण्यानें कोणतें अक्षर हातीं दिलें एवढेंच पाहतो. यंत्राचा खेळ याच जातीचा, फक्त तें एका अक्षराऐवजीं मागचें सारें बोलणें पाहतें आणि त्याला साजेसा पुढचा शब्द, किंवा शब्दाचा तुकडा, बसवतें. मग तो धरून त्यापुढचा. हें करण्यासाठीं त्याला माणसांनीं लिहिलेला अफाट मजकूर आधीं दाखविलेला असतो, आणि कोणत्या शब्दामागून कोणता येण्याचा संभव किती, हें त्यानें अब्जावधि आंकड्यांच्या रूपानें आपल्या पोटांत सांठविलेलें असतें. मागचा मजकूर एका दृष्टिक्षेपांत तोलण्याची जी युक्ति गूगलमधील संशोधकांनीं 2017 सालीं एका निबंधांत मांडली, तिच्यामुळें हा खेळ इतका रंगला.

आम्ही तो जेवणाच्या टेबलावर खेळून पाहिला. मीं वाक्य अर्धवट सोडलें: 'गेल्या रविवारीं सकाळीं आई स्वयंपाकघरांत—'. प्रत्येकानें पुढचा शब्द चिठ्ठीवर लिहायचा. पांच चिठ्ठ्यांपैकीं तीन निघाल्या 'पोहे', एक निघाली 'चहा', आणि बहिणीच्या चिठ्ठीवर होतें 'नव्हती'. बहुमत पोह्यांचें होतें. सत्य मात्र बहिणीच्या बाजूला, कारण त्या रविवारीं तिची रुग्णालयांत पाळी होती. भाची दोन मिनिटें चिठ्ठ्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मामा, यंत्रानें पोहे लिहिले असते!" एवढें कळल्यावर संभाव्यतेच्या गणितांतील पुढचे धडे तिनें सवडीनें शिकावेत. शोभतें तें आणि असतें तें यांत अंतर आहे, हें तिला चिठ्ठीवर दिसलें. येथें यंत्राच्या बाजूनेंहि एक शब्द सांगितला पाहिजे. शोभणाऱ्या शब्दांतून कामाचें, पुष्कळदां अगदीं बरोबर असें उत्तर निघतें, कारण मनुष्यांनीं लिहिलेल्यांत खरेंहि पुष्कळ आहे. त्रैराशिकाची रीति तें माझ्यापेक्षां चांगली समजावून देतें. हल्लीं कित्येक यंत्रें इंटरनेटवर शोध घेऊन उत्तराखालीं आधारहि जोडतात. मात्र आधार उघडून वाचण्याचें काम तीं आपल्यासाठीं करीत नाहींत, आणि उघडून वाचल्यावर तेथें भलतेंच कांहीं आढळण्याची मौज भाचीनें दोनदां चाखली आहे.

मग मीं तिला हान्सची गोष्ट सांगितली. या विषयावर मुलांना सांगण्याजोगी एवढी चांगली गोष्ट दुसरी माझ्या पाहण्यांत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत फॉन ओस्टेन नांवाचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनीं हान्स नांवाच्या घोड्याला गणित शिकविलें होतें. तीन आणि चार किती, असें विचारलें कीं हान्स खुरानें सात ठोके देई आणि थांबे. अपूर्णांक, तारखा, घड्याळ, सारें त्याला येत असे. लोटच्या लोट पाहायला येऊं लागले. 1904 सालीं जाणत्यांची एक समिति बसली आणि लबाडीचा कोठेंहि पत्ता नाहीं असा तिनें निर्वाळा दिला. लबाडी नव्हतीच, मास्तर प्रामाणिक होते. पुढें ओस्कार फुंग्स्ट नांवाच्या तरुण अभ्यासकानें एक साधी गोष्ट केली. उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नसेल अशी व्यवस्था करून त्यानें प्रश्न विचारविले. कधीं विचारणारा घोड्याला दिसूं दिला नाहीं. झालें! हान्सची सारी विद्या गळाली. ठोके योग्य संख्येला पोंचले कीं विचारणाऱ्याच्या मानेची आणि चेहऱ्याची नकळत किंचित् हालचाल होई, आणि घोडा ती टिपून थांबत असे. फुंग्स्टचें पुस्तक 1907 सालीं प्रसिद्ध झालें. घोड्याला माणूस वाचतां येत होता. गणित येत नव्हतें.

भाचीला घोड्याचा राग आला नाहीं, मास्तरांची कींव आली. तें मला आवडलें. पण तिच्या डोक्यांत शिरलें तें दुसरेंच. "आपण आपल्या यंत्राचा फुंग्स्ट व्हायचें," असें तिनें जाहीर केलें. मीं म्हटलें, "अवश्य, पण येथें युक्ति उलट आहे. हान्सला विचारणाऱ्याला ठाऊक नसलेलें विचारलें तेव्हां बिंग फुटलें. याला आपल्याला पक्कें ठाऊक असलेलेंच विचारायला हवें." ती गप्प झाली. मग तिनें विचारलें, "मला पक्कें काय ठाऊक आहे?"

हा प्रश्न मला तिच्या इतर सर्व प्रश्नांहून मोलाचा वाटतो. चिकित्सक बुद्धि ही कांहीं हवेंत तरंगणारी कला नव्हें. जिच्यापाशीं वीतभरहि स्वतःची जमीन नाहीं, ती मुलगी शंका घेणार कोठें उभी राहून? 'सर्व गोष्टींची शंका घ्या' असा उपदेश आम्ही शिक्षक लोक सहज करतों. परंतु कोऱ्या मनानें घेतलेली शंका आणि कोऱ्या मनानें ठेवलेला विश्वास यांत निवडण्यासारखें फारसें नसतें. पुष्कळ विचारांतीं तिनें आपल्या मालकीचे तीन विषय काढले: आमचें कोंकणांतील गांव, तिची शाळेची गाडी आणि बुद्धिबळ.

गांवापासून आरंभ झाला. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाची माहिती यंत्राला विचारली. उत्तर ऐकण्यासारखें होतें. देऊळ नदीच्या रम्य तीरावर आहे, बांधणी हेमाडपंती आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेला तेथें मोठी जत्रा भरते, असें यंत्रानें तीन सुरेख परिच्छेदांत सांगितलें. माझी आई सोप्यावर निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारून ऐकत होती. "बोलतें तरी किती गोड मेलें!" ती म्हणाली. "पण नदी कुठून आणली? आपल्याकडे आहे तो एक पऱ्या, आणि तोहि चैत्रांत आटतो. जत्रा कसली? शिमग्याला पालखी नाचते तीच काय ती." भाचीचा आनंद गगनांत मावेना. तिनें लगेच वहींत तीन चुका लिहून काढल्या आणि चौथी मिळावी म्हणून आजीकडे वळली. "आजी, मग देऊळ बांधलें कोणी?" आई थोडा वेळ थांबली. "तें बाई मला नाहीं ठाऊक. तुझ्या पणजोबांच्या वेळीं छपराचीं कौलें बदललीं, एवढें ऐकलें आहे. गुरवाला विचारायला हवें." भाचीनें पेन्सिल तोंडांत धरून माझ्याकडे पाहिलें. "मामा, आजीनें ठाऊक नाहीं म्हटलें." जणूं आजीनें कांहीं मोठें विलक्षण काम केलें होतें.

यंत्र असें कां वागलें, हेंहि तिला सांगणें भाग होतें. नाहींतर 'तें खोटारडें आहे' अशी समजूत करून घेऊन ती मोकळी झाली असती. खोटें बोलायला खरें ठाऊक असावें लागतें. आमच्या गांवाविषयीं कोणी फारसें लिहिलेलेंच नाहीं. 2011 च्या जनगणनेंत मराठी मातृभाषा सांगणारे लोक 8 कोटी 30 लाख होते. पण या आठ कोटींना जें ठाऊक आहे त्यांतलें इंटरनेटवर किती चढलें आहे? पऱ्या आईच्या डोक्यांत आहे, पालखीचा क्रम गुरवाच्या. यंत्रानें अनेक देवळांचीं वर्णनें पाहिलेलीं. देवळाला नदी शोभते, हेमाडपंती बांधणी शोभते, कार्तिकी शोभते. त्यानें आमच्या देवळाला पोहे वाढले.

बुद्धिबळाच्या नियमांत मात्र त्यानें तिला कोठेंहि सांपडूं दिलें नाहीं, आणि तीहि नोंद तिच्या वहींत प्रामाणिकपणें आहे. जेथें लिहिलेलें विपुल, तेथें तें भरवशाचें. जेथें विरळ, तेथें तें गोड. ही वांटणी तिनें स्वतःच केली.

मोठ्या माणसांची या बाबतींत तिच्याइतकीहि तयारी नसते. 2023 सालीं न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत एका विमानप्रवाशाच्या दाव्यांत वकिलांनीं सहा पूर्वनिर्णय आधार म्हणून दाखल केले. सहाहि निर्णय अस्तित्वांतच नव्हते. चॅट-जीपीटीनें ते रचले होते. न्यायाधीशांनीं पांच हजार डॉलर दंड केला. मला त्यांतला एक बारकावा विशेष वाटतो. वकिलाला मध्येंच शंका आली होती, आणि हे निर्णय खरे आहेत ना, असें त्यानें विचारलेंहि होतें. विचारलें कोणाला, तर त्या यंत्रालाच. यंत्रानें होय म्हणून सांगितलें. साक्षीदाराच्या खरेपणाबद्दल त्याच साक्षीदाराची साक्ष काढण्याचा हा प्रकार न्यायमंदिरांत घडला, तेव्हां माझ्या वर्गांत तो घडतो याबद्दल मीं आतां फारसा कांगावा करीत नाहीं.

यंत्राचा दुसरा दोष आम्हांला अपघातानेंच कळला. भाचीनें 'पावसाळ्यांतील एक दिवस' हा निबंध लिहिला आणि यंत्राला दाखविला. स्तुतीचा वर्षाव झाला: कल्पना ताज्या, भाषा ओघवती, निरीक्षण सूक्ष्म. पोर फुलून गेली. मीं तिला सुचविलें कीं, हाच निबंध नव्यानें दाखव आणि सांग कीं, वर्गांतल्या एका मुलीनें हा लिहिला आहे, मला कांहीं तो बरा वाटत नाहीं. तिनें तसें केलें. आतां कल्पना ठरीव झाल्या, भाषा जागोजाग अडखळूं लागली आणि निरीक्षण वरवरचें निघालें. बेडूक तेच होते. तिचा चेहरा उतरला तेव्हां मला हा प्रयोग थोडा निष्ठुर वाटला, पण लगेच ती म्हणाली, "हें तर वांग्याच्या गोष्टीसारखें झालें!" बादशहाला वांगें आवडलें तेव्हां वांग्याचे गोडवे गाणारा, आणि त्याला तें नावडलें तेव्हां वांग्याला शिव्या देणारा बिरबल, आपण वांग्याचे नव्हें तर हुजुरांचे चाकर आहों असें सांगतो, ती गोष्ट. यंत्राच्या बाबतींत तिला कारणहि आहे. नुसत्या भेंड्या शिकवून झाल्यावर या यंत्रांना माणसांपुढें बसवतात. दोन उत्तरें दाखवून यांतलें कोणतें बरें वाटतें असें विचारतात, आणि बरें वाटणाऱ्या उत्तराकडे यंत्राला वळवीत नेतात. माणसाला काय बरें वाटतें हें आपण जाणतोंच. त्या निबंधाचें पुढें काय झालें, तर आजीनें तो ऐकला आणि 'बेडकांचें बरें साधलें आहे, पण शेवट कंटाळून केलास' असा एकाच वाक्यांत निकाल दिला. शेवट तिनें पुन्हां लिहिला.

मराठींत एक सोय आहे, तिचाहि आम्ही उपयोग करून घेतला. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाहीं; तेथें डॉक्टर येतो कीं येते हें वाक्यावरून कळत नाहीं. मराठींत मात्र कोणीतरी एक निवडावाच लागतो. डॉक्टर आणि परिचारिका घरीं आल्याचें एक इंग्रजी वाक्य भाचीनें भाषांतराला दिलें. डॉक्टर 'आले' आणि परिचारिका 'आली'. "मग रोज रात्रीं आठ वाजतां आमच्याकडे येते ती कोण?" असें तिनें फोनला तावातावानें विचारलें, आणि फोननें अर्थातच नम्रपणें क्षमा मागितली. हें यंत्राच्या मनांतलें वैर नव्हें. आपणच जें लिहून ठेवलें त्याचा तो उमटलेला ठसा आहे. परंतु ठसा कोणाच्या अंगावर उमटतो हेंहि पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत जॉय बुओलाम्विनी नांवाच्या एका कृष्णवर्णीय संशोधिकेचा चेहरा यंत्राला दिसेचना. तिनें पांढरा मुखवटा चढविला तेव्हां दिसला. पुढें 2018 सालीं तिनें आणि टिमनिट गेब्रू यांनीं चेहऱ्यावरून स्त्रीपुरुष ओळखणाऱ्या तीन पद्धतींची परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चुकांचें प्रमाण शेंकडा एकाच्याहि आंत होतें; काळ्या स्त्रियांच्या बाबतींत तें शेंकडा 34.7 पर्यंत गेलें. मुखवट्याची गोष्ट ऐकून भाची बराच वेळ बोलली नाहीं. मुलांना अन्याय फार लवकर कळतो. शेंकडेवारी मागाहून समजली तरी चालते.

एका बाबतींत मात्र मीं तिला अडविलें नाहीं. बोलणें संपल्यावर ती यंत्राला 'थँक यू' म्हणते. माझ्या बहिणीला हें आवडत नाहीं. तिच्या मतें निर्जीव वस्तूशीं अशी सलगी म्हणजे धोक्याची सुरुवात. तिचें म्हणणें निराधार नाहीं. 1966 सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्राच्या विद्यापीठांत जोसेफ वायझेनबाउम यांनीं एलायझा नांवाची एक अगदीं साधी बोलकी योजना तयार केली होती. ती मानसोपचारतज्ज्ञाचें सोंग घेई आणि समोरच्याचेंच वाक्य उलटून प्रश्न म्हणून त्याला परत करी. 'मला आईचा राग येतो' म्हटलें कीं 'आईविषयीं आणखी सांगा'. एवढेंच तिचें भांडवल! वायझेनबाउमांच्या चिटणीस बाईंनीं तिची घडण होतांना महिनोन्महिने पाहिली होती. आणि तरीहि थोडें बोलून झाल्यावर त्यांनीं वायझेनबाउमांना खोलीबाहेर जायला सांगितलें, कारण बोलणें खाजगीतलें होतें. वायझेनबाउम लहान असतांना त्यांच्या कुटुंबाला नाझींच्या जर्मनींतून देश सोडून जावें लागलें होतें. मनुष्यानें आपला विवेक यंत्राच्या स्वाधीन करूं नये, याविषयीं त्यांनीं 1976 सालीं एक सबंध पुस्तक लिहिलें, त्यामागें ही दोन्ही कारणें असावींत असें मला वाटतें. बाईंना मात्र मीं हंसत नाहीं. बोलण्याला बोलण्यानें उत्तर मिळालें कीं पलीकडे कोणी आहे असें वाटणें, हा मनुष्याचा फार जुना आणि फार चांगला स्वभाव आहे. त्याच्यावांचून आपण एकमेकांशींहि बोललों नसतों. भाचीचा 'थँक यू' तिच्या तोंडचें वळण आहे. तें बिघडविण्याइतकें हें यंत्र मोठें नाहीं. परंतु मैत्रिणीशीं भांडण झालें तेव्हां ती तें घेऊन फोनकडे न जातां स्वयंपाकघरांत गेली, हें मीं लक्षांत ठेवलें आहे.

तिच्या वहीचे आतां दोन भाग झाले आहेत. डाव्या पानावर यंत्रानें सांगितलेलें, उजव्या पानावर तें कोणाकडून पडताळलें त्याचें नांव. उजव्या पानांवर चित्रविचित्र मंडळी जमली आहे: शाळेच्या गाडीचे ड्रायव्हरकाका, दातेकर्व्यांचा शब्दकोश, आमच्या गल्लींतील मधमाश्या पाळणारे गृहस्थ, बहिणीच्या रुग्णालयांतील एक परिचारक (तो पुरुष आहे, ही नोंद मुद्दाम केलेली), आणि पुष्कळ ठिकाणीं नुसतें 'आजी'. कांहीं पानें उजवीकडे कोरींच आहेत. मे महिन्यांत आम्ही गांवीं जाणार आहों. गुरवासाठीं तिनें सात प्रश्न काढून ठेवले आहेत, आणि त्यांतला सातवा प्रश्न गुरवाला आवडेल कीं नाहीं याची मला थोडी धास्ती आहे: 'हें तुम्हांला कोणी सांगितलें?'